मेंदूची लय आणि मनाची साक्ष

‘अल्फा लेव्हलला जा, स्मरणशक्ती वाढवा’ अशा अर्थाच्या जाहिराती आता मुंबई-पुण्यापुरत्या राहिलेल्या नाहीत. कागल तालुक्यातल्या, वेदगंगेकाठच्या मुरगूडसारख्या गावातही त्या पालकांच्या मोबाइलवर पोहोचतात. त्यांच्यामागचा समज साधा आहे. मेंदूत लहरी असतात. डेल्टा म्हणजे झोप, थीटा म्हणजे तंद्री, अल्फा म्हणजे शांती, बीटा म्हणजे विचार, गॅमा म्हणजे प्रज्ञा. लहर ओळखली की मन ओळखले आणि लहर बदलली की मन बदलले. हा तक्ता इतका सुटसुटीत आहे की सुशिक्षित माणूसही तो विज्ञान म्हणून स्वीकारतो.

हा समज उथळ आहे आणि त्याची किंमत माणसांना मोजावी लागते, हे मला या लेखात दाखवायचे आहे. माझे म्हणणे असे: मेंदूची लय कामाची वेळ सांभाळते; त्या कामाचा आशय ती सांगत नाही. लयीचे आकलनाशी, स्मृतीशी, अवधानाशी नाते आहे आणि ते खोल आहे. पण ते नाते वेळेचे आहे. लयीवरून मनातला मजकूर वाचायला गेलो की स्मरणशक्तीचा क्लास, समाधीचा ‘वैज्ञानिक पुरावा’ आणि खुनाच्या खटल्यातला दोषनिर्णय हे तिन्ही एकाच तर्कदोषावर उभे राहतात. तिसरी गोष्ट महाराष्ट्रात प्रत्यक्ष घडलेली आहे.

१. तक्ता कुठून आला

जर्मनीतल्या येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतली विद्युत् हालचाल पहिल्यांदा नोंदवली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याआधी, १८७५ साली, लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांना ससे आणि माकडे यांच्या उघड्या मेंदूवर असे प्रवाह आढळले होते. बर्गर यांची प्रेरणा मात्र वेगळी होती. तरुणपणी लष्करी सेवेत असताना ते घोड्यावरून पडले आणि जेमतेम वाचले. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या बहिणीला त्यांच्याविषयी हुरहूर लागली आणि तिने वडिलांना तार करायला लावली. एका मनातून दुसऱ्या मनात काही जाते का, हा प्रश्न बर्गर यांच्या डोक्यातून कधी गेला नाही. मेंदूलहरींच्या अभ्यासाचा आरंभच मन वाचण्याच्या आशेतून झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ती आशा पुढे यंत्रे बदलत राहिली, पण मावळली नाही.

बर्गर यांना जे सापडले ते आशेपेक्षा साधे होते. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्यावर सेकंदाला सुमारे १० आवर्तनांची ठळक लहर दिसते. डोळे उघडले किंवा मन एखाद्या हिशेबात गुंतले की ती दबते. हीच अल्फा. केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये याला दुजोरा दिला आणि एक महत्त्वाची भर घातली: मिट्ट काळोखातही माणूस काहीतरी पाहण्याचा प्रयत्न करू लागला की अल्फा ओसरते. म्हणजे या लहरीचा पहिला संबंध पाहण्याशी, दृष्टीच्या यंत्रणेशी होता. ‘शांती’ हा अर्थ तिला नंतर चिकटवला गेला. पुढे इतर पट्ट्यांना ग्रीक अक्षरे मिळाली: ४ हर्ट्झच्या खाली डेल्टा, ४ ते ८ थीटा, ८ ते १३ अल्फा, १३ ते ३० बीटा, त्यापुढे गॅमा. या सीमा संशोधकांनी सोयीसाठी आखल्या आहेत. मेंदूत ८ हर्ट्झपाशी कोणतीही भिंत नाही.

२. नोंद होते ती कशाची

मेंदूच्या विद्युत् हालचालीच्या नोंदीत, म्हणजे ईईजीमध्ये, डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडना जे मिळते ते साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचे, म्हणजे व्होल्टच्या लाखाव्या-दहा हजाराव्या भागाइतके असते. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. त्यांतली एखादी पेशी काय करते हे कवटीबाहेरून कळण्याचा प्रश्नच नाही. मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, म्हणजे बाह्यकाच्या, अनेक चौरस सेंटीमीटर भागातल्या लाखो पेशींचे प्रवाह एकाच वेळी, एकाच दिशेने चढले-उतरले तरच त्यांची बेरीज बाहेर दिसते. पेशी आपापले वेगवेगळे काम करत असतील तर ते प्रवाह एकमेकांना खोडून काढतात. याचा एक परिणाम विचार करण्यासारखा आहे. पाहणे, समजणे, आठवणे यांतला तपशील ज्या बारीक भेदांत असतो, तेच भेद या बेरजेत नाहीसे होतात. शिल्लक राहतो तो ताल.

ही लय येते कुठून? मेंदूच्या आतला थॅलॅमस आणि बाह्यक यांच्यातल्या येरझाऱ्यांतून, आणि शेजारच्या पेशींना रोखून धरणाऱ्या अवरोधक पेशींतून. अवरोधक पेशी एकदम चेतल्या की आसपासच्या पेशी क्षणभर गप्प होतात; अवरोध ओसरला की पुन्हा बोलू लागतात. हे चक्र जलद असेल तर गॅमा, संथ असेल तर खालची लय. म्हणजे लय मुळात चालू-बंदचे वेळापत्रक आहे.

त्यात भर पडते ती मेंदूबाहेरच्या प्रवाहांची. काही संशोधकांनी स्वयंसेवकांचे स्नायू औषधाने तात्पुरते लुळे करून ईईजी काढला, तेव्हा २० हर्ट्झच्या वरचा बराचसा भाग गायब झाला. तो मेंदूतून येतच नव्हता, कपाळ आणि मानेच्या स्नायूंचा होता. २००८ मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली: डोक्यावर मिळणाऱ्या गॅमाचा एक प्रकार, जो ‘आकलनाची खूण’ म्हणून शोधनिबंधांत मिरवत होता, तो डोळ्यांच्या अतिसूक्ष्म हालचालींतून उद्भवत होता. जाणकारांच्या प्रयोगशाळेत जर अशी फसगत होत असेल, तर कपाळावर पट्टी बांधून ‘तुमच्या मुलाची गॅमा वाढली’ असे सांगणाऱ्या उपकरणावर किती विश्वास ठेवायचा ते वाचकाने ठरवावे.

३. तर्क उलटा फिरवला की काय होते

‘शांत बसले की अल्फा वाढते’ हे बव्हंशी खरे आहे. त्यावरून ‘अल्फा वाढली म्हणजे मन शांत आहे’ असे निघत नाही. पाऊस पडला की अंगण ओले होते. पण ओले अंगण पाहून पाऊस झाला असे म्हणता येत नाही, कोणी सडाही टाकला असेल. तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यातला हा नियम मेंदूच्या बाबतीत सर्रास मोडला जातो. तो मोडल्याने काय बिघडते हे अल्फाच्याच उदाहरणाने पाहू.

२००२ मध्ये ओले येन्सेन आणि सहकाऱ्यांनी लोकांना अक्षरांची यादी काही सेकंद मनात धरून ठेवायला सांगितली. यादी जितकी लांब, तितकी अल्फा जास्त. ही विश्रांती नव्हे, कष्ट आहेत. त्याच सुमाराच्या दुसऱ्या प्रयोगांत डोळे न हलवता फक्त एका बाजूकडे लक्ष द्यायला सांगितले, तेव्हा ज्या बाजूकडे दुर्लक्ष करायचे होते ती बाजू सांभाळणाऱ्या मेंदूभागात अल्फा वाढली. यावरून आज बरेच संशोधक अल्फाकडे निवांतपणाची खूण म्हणून न पाहता नको असलेली माहिती थोपवण्याची रीत म्हणून पाहतात. आणि हृदय बंद पडून मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने बेशुद्ध झालेल्या काही रुग्णांच्या आलेखात डोकेभर अल्फाच्याच वेगाची लय दिसते. वैद्यकात तिला ‘अल्फा कोमा’ म्हणतात. हाक मारली, चिमटा काढला, तरी ती बदलत नाही. डोळे मिटलेला विद्यार्थी, अक्षरे घोकणारा स्वयंसेवक आणि अतिदक्षता विभागातला रुग्ण या तिघांच्या आलेखावर ‘१० हर्ट्झ’ हाच आकडा येतो.

आता आपल्याकडचे उदाहरण. बर्गर यांनी पहिली नोंद घेतली त्याच १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली. योगाच्या दाव्यांची शरीरशास्त्रीय उपकरणांनी तपासणी व्हावी, हा त्यांचा आग्रह होता आणि तो काळाच्या पुढचा होता. या परंपरेत पुढे, १९६१ मध्ये, दिल्लीच्या ‘एम्स’मधले बी. के. आनंद, जी. एस. छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मेंदूलहरींवरचा निबंध प्रसिद्ध केला. ध्यानात असताना प्रकाश, मोठा आवाज अशा उद्दीपनांनी या योग्यांची अल्फा मोडली नाही. काहींनी हात बर्फासारख्या थंड पाण्यात बराच वेळ ठेवला तरी अल्फा टिकून राहिली. हा निबंध मला मोलाचा वाटतो. ध्यानाच्या सरावाने मेंदूची बाह्य उद्दीपनांना प्रतिसाद देण्याची रीत बदलू शकते, असे तो सुचवतो. पण गेली साठ वर्षे प्रवचनांत त्याचा उलटा उपयोग होतो: अल्फा टिकली म्हणजे समाधी सिद्ध झाली, आणि म्हणून अल्फा वाढवली की समाधीच्या वाटेवर पाऊल पडले. अमेरिकेत १९७० च्या दशकात हेच झाले. यंत्राच्या मदतीने अल्फा वाढवायला शिकवणारी केंद्रे निघाली. मग विल्यम प्लॉटकिन यांनी काटेकोर प्रयोग केले, तेव्हा दिसले की माणसे अल्फा वाढवत होती ती मुख्यतः डोळ्यांची पाहण्याची धडपड थांबवून. आणि ‘आनंद मिळाला’ की नाही हे लहरीपेक्षा त्यांच्या अपेक्षेवर, त्यांना आधी काय सांगितले होते त्यावर ठरत होते. एड्रियन यांचे १९३४ चे निरीक्षण लोकांनी लक्षात ठेवले असते, तर एवढा फेरा पडला नसता.

४. मग लय करते तरी काय

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की लय म्हणजे निव्वळ यंत्राची घरघर आहे, तिचा मनाशी काही संबंध नाही. तेही चूक आहे, आणि या विषयातला खरा रस इथेच आहे.

मुरगूडच्या आसपासच्या शेतकऱ्याला पाणीपाळी समजावून सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात वेदगंगेवर उपसाबंदीचे दिवस ठरतात, मोटारी ठरल्या दिवशीच सुरू करायच्या असतात. या वेळापत्रकाचा कागद पाहून कोणाच्या रानात ऊस आहे आणि कोणाच्या रानात भुईमूग, हे कळत नाही. तरी पाळी चुकली तर पीक वाळते. मेंदूतल्या लयीचे आणि विचाराचे नाते मला असे दिसते. एका भागातून निघालेला संदेश दुसऱ्या भागात ज्या क्षणी पोहोचतो, त्या क्षणी तिथल्या पेशी ग्रहणशील असतील तरच त्याचा परिणाम होतो. पास्कल फ्रीस यांनी २००५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचा गाभा हाच आहे: दोन भागांचा ताल जुळला तर बोलणे होते, नाही तर शब्द वाया जातात.

याचा सर्वांत सुंदर पुरावा उंदरांत मिळाला. जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित मेंदूभागात ‘स्थळपेशी’ सापडल्या होत्या: उंदीर एका ठरावीक जागी आला की त्यातली एक ठरावीक पेशी चेतते. या शोधासाठी त्यांना पुढे २०१४ चे नोबेल मिळाले. १९९३ मध्ये त्यांनी मायकेल रेसी यांच्यासह आणखी एक गोष्ट दाखवली. चालताना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सेकंदाला आठेक आवर्तनांची थीटा लय चालू असते. उंदीर पेशीच्या त्या ठरावीक जागेत शिरतो तेव्हा पेशी थीटाच्या आवर्तनात उशिरा चेतते; तो पुढे सरकतो तशी प्रत्येक आवर्तनात थोडी थोडी आधी चेतत जाते. उंदीर त्या पट्ट्यात नेमका कुठे आहे, हे पेशी थीटाच्या कोणत्या टप्प्यावर चेतली यावरून काढता येते. नुसत्या थीटात ही माहिती नाही. नुसत्या पेशीतही ती पुरती नाही. ती दोघांच्या वेळेच्या नात्यात आहे. आणि हे नाते कवटीबाहेरच्या ईईजीत दिसू शकत नाही, कारण तिथे एकेक पेशी दिसतच नाही. जो तक्ता ‘थीटा म्हणजे तंद्री’ सांगतो, त्याच्या दृष्टीने हा सारा शोध अदृश्य आहे.

झोपेचे काम याहून स्पष्ट आहे. दिवसा शिकलेल्या वाटा उंदराचा हिप्पोकॅम्पस गाढ झोपेत भराभर उजळवतो आणि त्या वेळी तिथे अतिजलद, क्षणभराच्या ‘तरंगिका’ उमटतात. २००९ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी त्या तरंगिका उमटल्या की लगेच सूक्ष्म विद्युत् धक्क्याने मोडल्या; झोप तेवढीच झाली, पण उंदरांचे वाटा शिकणे मंदावले. इथे आपण सहसंबंधाच्या पुढे गेलो आहोत. लय मोडली, स्मृती अडखळली. असा पुरावा मिळाला की मी लयीला कारण मानायला तयार आहे.

त्याच कसोटीवर काही प्रसिद्ध कल्पना टिकत नाहीत, हेही सांगायला हवे. १९८९ मध्ये चार्ल्स ग्रे आणि वोल्फ झिंगर यांना मांजराच्या दृष्टिबाह्यकात ४० हर्ट्झच्या आसपासची एकतालता आढळली आणि एक मोहक तर्क पुढे आला: वस्तूचा रंग, आकार, हालचाल मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत हाताळली जाते, ती एकत्र बांधते गॅमा. हा तर्क जाणिवेच्या कोड्यापर्यंत ताणला गेला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आज मेंदूतल्या तालांवर काम करणारे सुप्रतिम राय यांनी जॉन मॉन्सेल यांच्याबरोबर २०१० मध्ये माकडांवरचे निरीक्षण प्रसिद्ध केले. चित्राचा उठाव बदलला की गॅमाची वारंवारता बदलते. मग एकाच वस्तूचा उजेडातला भाग आणि सावलीतला भाग मेंदूत वेगवेगळ्या वेगाने ताल धरतील. ज्यांचा वेग वेगळा त्यांचा मेळ टिकणार कसा? बांधणारी दोरीच जागोजाग वेगळ्या पिळाची निघाली. एका साध्या मोजमापाने वीस वर्षांच्या तत्त्वचर्चेला असा प्रश्न विचारला, याला मी विज्ञानातली सचोटी म्हणतो.

५. पुणे, २००८

आता त्या प्रकरणाकडे, ज्यासाठी हा सारा खटाटोप आहे.

१२ जून २००८ रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला आणि तिच्या जोडीदाराला खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. तिने पूर्वीच्या वाग्दत्त वराला प्रसादातून आर्सेनिक दिले, असा आरोप होता. पुराव्यात परिस्थितिजन्य बाबी होत्या, आणि त्यांच्याबरोबर होती ‘बीईओएस’ ही मेंदूलहरींची चाचणी. ती बंगळूरच्या ‘निम्हान्स’मध्ये पूर्वी काम केलेले चम्पादी रामन मुकुंदन यांनी विकसित केली होती आणि मुंबईच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत घेतली गेली. न्यायालयाने या चाचणीला तिच्या ‘अनुभवजन्य ज्ञाना’चा पुरावा मानले.

चाचणी अशी असते. संशयिताच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालतात. त्याने काही बोलायचे नसते, उत्तर द्यायचे नसते, फक्त ऐकायचे असते. त्याला प्रथमपुरुषी वाक्ये ऐकवली जातात: मी आर्सेनिक आणले, मी त्याला भेटले, मी प्रसाद दिला. प्रत्येक वाक्यानंतर लहरींत होणारे बदल संगणक तपासतो आणि निकाल देतो की अमुक वाक्य या व्यक्तीने प्रत्यक्ष अनुभवले आहे. नुसते ऐकलेले किंवा वाचलेले नाही.

या दाव्यात तीन उड्या आहेत. पहिली: लहर बदलली म्हणजे वाक्य ‘ओळखले’ गेले. पण वाक्य भीतीदायक असले, अपमानकारक असले, आपल्या आयुष्याशी जोडलेले असले तरी लहर बदलते. खुनाचा आरोप असलेल्या माणसाला ‘मी विष दिले’ हे वाक्य ऐकवल्यावर त्याचा मेंदू निर्विकार राहील, अशी अपेक्षा कोणी करू नये. दुसरी उडी: ओळखले म्हणजे ‘अनुभवले’. पोलिसांच्या चौकशीत तीच वाक्ये दहा वेळा विचारली गेलेली असतात, वर्तमानपत्रात छापून आलेली असतात, निर्दोष माणसाने रात्र रात्र जागून मनात घोळवलेली असतात. आठवणे आणि कल्पना करणे यांत मेंदूचे बरेचसे भाग सामाईक आहेत, हे गेल्या दोन दशकांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. तिसरी उडी सर्वांत लांब: समूहाच्या सरासरीवरून एका व्यक्तीच्या एका वाक्याबद्दल निर्णय.

तिसऱ्या उडीचा धोका साध्या हिशेबाने कळतो. समजा, अशी चाचणी शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर निघते. समजा, हजार माणसांत गुन्हेगार एकच आहे. मग उरलेल्या ९९९ निर्दोषांतले सुमारे १०० जण चाचणीत ‘दोषी’ निघतील आणि खरा गुन्हेगार त्या गर्दीत एक असेल. नव्वद टक्के हा आकडाही मी उदारपणे धरला आहे. त्या वेळी या पद्धतीची स्वतंत्र तज्ज्ञांनी केलेली, प्रसिद्ध झालेली पडताळणी उपलब्धच नव्हती. निम्हान्सचे तेव्हाचे संचालक डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्याच वर्षी या चाचण्या अशास्त्रीय ठरवल्या होत्या. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्या तरुणीला जामीन दिला.

५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूलहरींची चाचणी) या चाचण्या संमतीशिवाय घेणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) आणि २१ चे उल्लंघन ठरवले. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या त्रिसदस्यीय खंडपीठाचा हा निकाल नागरिकाच्या मौनाचा हक्क मेंदूच्या आतपर्यंत नेतो. मला तो अभिमानास्पद वाटतो. पण तो मुख्यतः सक्तीबद्दल आहे. संमतीने चाचणी घेण्याची मुभा त्याने ठेवली आणि अशा चाचण्या आजही होतात. पोलीस कोठडीतल्या गरीब, कमी शिकलेल्या माणसाची संमती कितपत स्वेच्छेची असते? आणि संमती खरी असली, तरी तिच्यामुळे लहरीचा अर्थ बदलत नाही. जे मोजमाप सक्तीने घेतल्यावर आशय सांगत नाही, ते राजीखुशीने घेतल्यावरही सांगत नाही.

६. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप यंत्राच्या बाजूने येईल. हातपाय हलवू न शकणारे रुग्ण आज मेंदूलहरींच्या आधारे संगणकावर अक्षरे निवडतात. लॉरेन्स फार्वेल आणि इमॅन्युएल डॉन्चिन यांनी १९८८ मध्येच तशी पद्धत दाखवली होती. मग लहरीतून आशय कळतो की नाही? इथे नीट पाहायला हवे. पडद्यावर अक्षरे लुकलुकतात, रुग्णाला हवे ते अक्षर चमकले की त्याच्या मेंदूत एक ओळखीचा प्रतिसाद उमटतो. यंत्र आधी त्याच माणसावर जुळवलेले असते. चुकले तर तो दुरुस्त करतो. मुख्य म्हणजे त्याला सांगायचे असते. आशय पडद्यावर आहे, हेतू रुग्णाचा आहे, लहर त्या दोघांमधला होकार आहे. संशयिताच्या बाबतीत यातले काहीच नसते. शिकवून तयार केलेली नवी संगणकप्रणाली आणली तरी प्रश्न तोच: तिला ‘खरा अनुभव’ कोणता हे शिकवताना कोणत्या सत्याशी ताडून पाहिले? खऱ्या खुन्यांच्या खऱ्या आठवणींचा असा संच कोणाकडे आहे?

दुसरा आक्षेप आशेच्या बाजूने येतो, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेले कुटुंब विचारेल, की गॅमा लहरींनी अल्झायमर बरा होतो असे ऐकले, ते खोटे का? २०१६ मध्ये एमआयटीच्या ली-ह्युई त्साय यांच्या गटाने ४० हर्ट्झने लुकलुकणारा प्रकाश दाखवून उंदरांच्या मेंदूतले, अल्झायमरमध्ये साचणारे अमिलॉइड घटल्याचे दाखवले. २०२३ मध्ये ग्योर्गी बुझाकी यांच्या प्रयोगशाळेला तसा परिणाम आढळला नाही. वाद चालू आहे आणि माणसांवरच्या चाचण्याही. बंगळूरला राय यांच्या गटाने ४९ वर्षांपुढच्या २४४ लोकांचा अभ्यास करून २०२१ मध्ये सांगितले की सौम्य बोधनक्षीणता किंवा अल्झायमर असलेल्यांत दृश्य पाहताना उमटणारी गॅमा निरोगी समवयस्कांपेक्षा क्षीण असते. आशादायक आहे, पण त्या २४४ मध्ये बोधनक्षीणतेचे १२ आणि अल्झायमरचे ५ जण होते. एवढ्यावरून गावात तपासणी शिबिर भरवता येत नाही. संशोधकांनी हे आकडे निबंधाच्या सारांशातच दिले आहेत. त्या निबंधाचा हवाला देऊन दिवे विकणारे ते सांगणार नाहीत.

तिसरा आक्षेप: स्मरणशक्तीच्या क्लासने नुकसान काय होते? मूल चार दिवस डोळे मिटून शांत बसले तर चांगलेच. शांत बसण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्यावर चढवलेल्या खोट्या शास्त्राला. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे, म्हणजे मुलाचा मध्यमेंदू ‘सुरू’ केला की त्याला डोळ्यांवर पट्टी बांधूनही वाचता येईल असे सांगणाऱ्या क्लासचे, उदाहरण घ्या. मध्यमेंदू जन्मापासून काम करत असतो. तो कोणी सुरू करून द्यावा लागत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुले पट्टी आणि नाक यांच्यामधल्या फटीतून पाहत असतात. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी या दाव्यांना जाहीर आव्हान दिले. त्या मुलांना शिकायला मिळाले ते एवढेच, की मोठ्यांच्या आनंदासाठी खोटे बोलावे लागते. हे नुकसान मी लहान मानत नाही. दुसरे नुकसान असे की खरा उपाय दुर्लक्षित राहतो. पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी आपल्याकडची मुले रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेत बसतात आणि पहाटे धावायला निघतात. स्मृती पक्की करणाऱ्या ज्या लयींबद्दल सबळ पुरावा आहे, त्या गाढ झोपेतल्या आहेत, आणि या मुलांच्या दिवसातून नेमकी तीच झोप कापली जाते.

७. जिथे लय खरोखर बोलते

लय आणि आकलन यांचे नाते सर्वांत निःसंदिग्ध दिसते ते एका आजारात. १९३५ मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक गिब्ज, हॅलोवेल डेव्हिस आणि विल्यम लेनॉक्स यांनी अपस्माराच्या एका प्रकाराचा आलेख प्रसिद्ध केला: सेकंदाला ३ या वेगाने, साऱ्या डोक्यावर एकदम, टोक आणि लाट, टोक आणि लाट. या प्रकारात मूल पडत नाही, झटके देत नाही, तोंडाला फेस येत नाही. बोलता बोलता थांबते, नजर एका जागी खिळते, कधी पापण्या फडफडतात. पाच ते पंधरा सेकंदांत पुन्हा जिथे सोडले तिथून सुरू करते. दिवसातून असे कितीतरी वेळा होऊ शकते. बहुतेकदा चार ते दहा वर्षांच्या वयात हे सुरू होते. थॅलॅमस आणि बाह्यक यांची येरझार एकाच तालात अडकते आणि तेवढा वेळ मूल तिथे नसते.

इथे लयीवर विसंबण्याचे कारण नीट समजून घ्यावे. लहर दिसते त्याच क्षणी मुलाचे भान हरपते, हे समोर बसून पाहता येते. डॉक्टर मुलाला काही मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावून ती लहर मुद्दाम आणू शकतात. औषध लागू पडले की लहर आणि भानाचा खंड दोन्ही थांबतात. दावा, निरीक्षण, हस्तक्षेप आणि परिणाम चारही हातात आहेत. तरीसुद्धा चांगला मेंदूविकारतज्ज्ञ केवळ आलेखावर निदान करत नाही. आधी आईला विचारतो की घरी काय दिसते. पुण्याच्या खटल्यातल्या त्या चाचणीत यातले एकही पाऊल नव्हते.

हे मूल वर्गात कसे दिसते? ‘लक्ष नाही’, ‘स्वप्नात असतो’, ‘हाक मारली तरी ओ देत नाही’. गणिताची एक पायरी चुकते, श्रुतलेखनात मधलाच शब्द गळतो, आणि मार बसतो. मग पालक एकाग्रता वाढवणारा वर्ग शोधू लागतात.

म्हणून मुरगूडच्या आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. वर्गातले एखादे मूल वारंवार काही सेकंद हरवत असेल, तर त्याला उठाबशा काढायला लावण्याआधी ते किती वेळ हरवते, दिवसातून किती वेळा, त्या वेळी खांद्याला हात लावला तर भानावर येते का, हे एका वहीत लिहून ठेवा आणि ती वही पालकांच्या हातात द्या. शक्य झाले तर पालकांनी मोबाइलवर चित्रफीत काढावी. ती घेऊन कोल्हापूरला मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा आणि ईईजी करून घ्या. या आजारावर औषधे आहेत, ती जुनी आणि परिचित आहेत, आणि बहुतेक मुले मोठी होईपर्यंत त्यातून बाहेर पडतात.